वर जाणाऱ्या चेंडूचं ‘पतन’

डिचोलीच्या एका ताईंनी विचारलंय: मुलगी चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकली, आता नववीला इंग्रजी माध्यमात आहे. घरी भौतिकशास्त्र मराठीतून समजावताना दोन शब्दांपाशी गाडी अडते. वर फेकलेला चेंडूसुद्धा ‘मुक्त पतना’त असतो म्हणे, मग वर जाणं हे पतन कसं? आणि वेग सतत बदलत असतो, तर त्वरण ‘स्थिर’ कसं?

आधी ‘मुक्त’ पाहू, कारण सगळी गंमत तिथे आहे. मुच् म्हणजे सोडणे. मुक्त म्हणजे सुटलेला. धनुर्वेदात शस्त्रांचे प्रकार सांगताना हातातून फेकायच्या शस्त्रांना ‘पाणिमुक्त’ म्हटलंय. चेंडू हातातून सुटला की हाताचा जोर संपला, तो पाणिमुक्त झाला. आता त्याच्यावर एकट्या गुरुत्वाकर्षणाचं बल उरलं. केवळ गुरुत्वीय बलामुळे होणारी गती ती मुक्त पतन, ही व्याख्या आहे. दिशेचा त्यात उल्लेखच नाही. वर जाताना, माथ्यावर, खाली येताना चेंडू सारखाच ‘मुक्त’. हवेचा विरोध तेवढा आपण सोडून देतो. माडावरून पाडेलीने पाडलेल्या नारळाला ही सूट चालते, सुकलेल्या चुडताला, म्हणजे झावळीला, चालत नाही. दूधसागराचं पाणीही मुक्त पतनात नसतं: कड्याला घासत, हवेत फुटत, तुषार होत ते उतरतं.

‘पतन’ मात्र आज आपल्याला खालीच ओढतं, सरकारचं पतन, अधःपतन. पण संस्कृतात पत् म्हणजे पडणे तसंच उडणेही. पतंग त्याच धातूतला. हे लेकीला जरूर सांगा, तिला आवडेल. फक्त पारिभाषिक शब्दाचा अर्थ व्याख्येतून घ्यायचा असतो, व्युत्पत्तीतून नव्हे.

‘स्थिर’विषयी तुमची तक्रार मला पूर्ण पटते. मराठीत स्थिर म्हणजे न हलणारं, म्हणून ‘स्थिर त्वरण’ ऐकताच डोळ्यांपुढे थांबलेली वस्तू येते. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांतला ‘एकसमान त्वरण’ हा शब्द कितीतरी चांगला. त्वरण हे वेग दर सेकंदाला किती बदलतो त्याचं माप, आणि एकसमान आहे तो बदल, वेग नव्हे. साधारण २० मीटर उंच माडावरून नारळ सुटला, तर एका सेकंदानंतर त्याचा वेग सेकंदाला ९.८ मीटर, दोन सेकंदांनंतर १९.६. दर सेकंदाची भर तेवढीच. अंतर मात्र पहिल्या सेकंदात ४.९ मीटर आणि दुसऱ्यात १४.७, म्हणजे तिप्पट! जमिनीवर आदळताना तो ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास असतो. माडाखाली उभं राहू नये म्हणतात ते उगाच नाही.

आता चेंडू १९.६ च्या वेगाने वर फेका. सेकंदागणिक वेग असा: १९.६, ९.८, शून्य, मग खालच्या दिशेने ९.८, १९.६. दर वेळी फरक ९.८ चाच, तोही खालच्याच दिशेचा. ‘त्वरण’मधली त्वरा म्हणजे घाई, म्हणून वेग वाढला तरच त्वरण असं वाटतं, पण वर जाताना वेग घटतो तेही हेच त्वरण. माथ्यावर वेग शून्य असतो, त्वरण नाही. तेही शून्य झालं असतं, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.