स्पॅनिशमधली मूळ बदलणारी क्रियापदं लक्षात कशी ठेवायची?

तुम्ही लिहिलंय की पोदेर (शकणं), केरेर (हवं असणं), पेदीर (मागणं) यांचे तक्ते परीक्षेपुरते पाठ होतात आणि बोलायची वेळ आली की उडून जातात. जाणारच. आधी तो बुटाचा तक्ता, म्हणजे मूळ बदलणाऱ्या रूपांभोवती रेघ ओढली की बुटासारखा दिसतो तो, फाडून टाका. सहा खाने, चार बुटात, नोसोत्रोस (आम्ही)-वोसोत्रोस (तुम्ही) बाहेर, हे चित्र बघून आजवर कुणी धड बोलायला लागलेलं मी पाहिलं नाही.

पुण्यात क्लासला होतो तेव्हा सरांना विचारलं होतं, पोदेरचं पुएदो, पुएदेस, पुएदे, पुएदेन सगळं ठीक, मग नोसोत्रोसच्या पोदेमोसनेच काय घोडं मारलंय? तर म्हणे ते बुटाच्या बाहेर आहे म्हणून. हे काय उत्तर झालं? वर्ग हसला तो मलाच, आणि सगळ्यात जोरात हसली शेजारी बसणारी एक मैत्रीण, जिच्या वहीत चार रंगांत बूट काढलेले असायचे.

पुढे आम्ही दोघं एकाच कंपनीत लागलो, क्लायंट ब्युनोस आयर्सचा, आणि तिथला माणूस कॉलवर सारखा ‘पोदेस’ म्हणायचा, शेवटी जोर देऊन, तर कॉल संपल्यावर हिने जाहीर केलं की यांचं व्याकरण कच्चं आहे, पुएदेस पाहिजे. अगं बाई, अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘वोस’ चालतं! वोस पोदेस, वोस केरेस, वोस दोर्मीस. जोर शेवटी गेला की मूळ जसंच्या तसं राहतं. पोदेमोसमध्येही जोर ‘दे’वर आहे, म्हणून ते बदलत नाही, आणि पुएदोमध्ये जोर मुळावरच पडतो म्हणून ओ फुटून उए होतो. लॅटिनमधल्या ऱ्हस्व ए आणि ओ वर जोर आला की स्पॅनिशमध्ये त्यांचं इए आणि उए झालं, आणि हे फक्त क्रियापदांत नाही, सिएते (सात) पण सेतेन्ता (सत्तर), नुएवे (नऊ) पण नोवेन्ता (नव्वद), तेच आहे हे. कँटीनमध्ये टिश्यूवर लिहून दाखवलं तर म्हणाली, तुझं भाषाशास्त्र तुझ्यापाशी ठेव, परीक्षेत तक्ताच विचारतात. आपण पाऊस-पावसात, कापूस-कापसाचा म्हणताना कुठला तक्ता आठवतो सांगा मला.

तर करायचं काय, जोडी पाठ करा, ‘यो’ (मी) आणि ‘नोसोत्रोस’, मोठ्याने, जोर पडतो तिथे टेबल ठोकून. पुएदो-पोदेमोस, किएरो-केरेमोस, पीदो-पेदीमोस, खुएगो-खुगामोस (उ चं उए होणारं हे एकच). नामांकडेही बघा, खुएगो म्हणजे खेळ, आल्मुएर्सो म्हणजे दुपारचं जेवण, सुएन्यो म्हणजे स्वप्न, नामात उए दिसला तर क्रियापदातही बहुतेक वेळा असतोच.

हां, जोर बघून कुठलं क्रियापद बदलणार ते मात्र कळत नाही. एन्तेन्देरचं एन्तिएन्दो होतं पण आप्रेन्देरचं आप्रेन्दोच राहतं, कोमेरचं सरळ कोमो, ते ऐकून ऐकूनच बसतं, त्याला माझ्याकडे युक्ती नाही. तेनेर, वेनीरला ‘यो’ वेगळंच, तेन्गो आणि वेन्गो, तिथे तिएने-तेनेमोस अशी जोडी धरा. आणि पीदोवाला ए चा ई फक्त शेवटी इर असणाऱ्या क्रियापदांत होतो, पेदीर, सेर्वीर, रेपेतीर, आणि पेदीरचं पिदिएन्दो (मागत), दोर्मीरचं दुर्मिएन्दो (झोपत), यांत जोर मुळावर नसूनही बदल होतो, हे कुणीतरी खाली लिहिणारच (कोण ते मला माहितीये) म्हणून मीच लिहून ठेवतो. तुमचा प्रश्न वर्तमानकाळाचा आहे, तिथे जोराचा नियम चालतो.

आणि परीक्षेत तक्ता आलाच तर येऊ दे, जोडी तोंडात बसली असेल तर बाकीचे चार खाने तिथेच भरता येतात, रंगीत पेनं लागत नाहीत.