गाळलेलं कडवं विचारा

प्रश्न : आमच्या सिडकोतल्या वाचनकट्ट्याने 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, सोसायटीच्या गच्चीवर काव्यसंध्या ठरवली आहे. एक ज्येष्ठ कवी-गीतकार यायला तयार झालेत. वय 78. त्यांची गाणी सगळ्यांना पाठ आहेत, कविता मात्र फारशा कुणी वाचलेल्या नाहीत. ‘गाणं म्हणा’ अशी फर्माईश होणारच. कार्यक्रम कसा बसवावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सगळ्यात आधी हे सांगतो, त्यांना शेवटी ठेवू नका. मी हे हात जोडून सांगतोय.

गोदाकाठच्या एका कार्यक्रमात निवेदन माझ्याकडे होतं. स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, पाहुण्यांची मनोगतं, मग नवोदितांच्या कविता. मुख्य कवी माईकसमोर आले तेव्हा पावणेदहा वाजले होते, आणि उघड्यावर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर चालत नाही. त्यांच्या हातात रबर लावलेली वही होती. बारा कविता स्केचपेनने मोठ्या अक्षरांत उतरवून आणलेल्या, मधे खुणेला बसची तिकिटं. दोन वाचून झाल्या आणि मी मागून चिठ्ठी सरकवली. त्यांनी वही मिटली. पायऱ्या चढताना एवढंच म्हणाले, ‘‘आईवरची राहिली हो.’’ ती चिठ्ठी माझ्या हातची होती. आजही ते आठवलं की जीव कासावीस होतो.

तेव्हा साडेसहाला दीपप्रज्वलन झालं की लगेच त्यांनाच बसवा. पाऊण तास पूर्ण त्यांचा. सत्कार नंतर करा.

आता फर्माईश. गीत लिहिणं वेगळं आणि गाणं वेगळं, हे निवेदकाने सुरुवातीलाच सांगून टाकावं. त्यांना स्वतःहून गुणगुणावंसं वाटलं तर आनंदच, पण आग्रह नको. गीत वाचायला सांगा. चाल आधी तयार असते तेव्हा गीतकार तिच्या मात्रांवर शब्द बसवतो. मग ते शब्द आपल्यापर्यंत गायकाच्या गळ्यातून आणि वाद्यांच्या गर्दीतून पोचतात. नुसतं वाचलं की शब्द मोकळे होतात. फक्त ध्रुवपद दर कडव्यानंतर परत वाचू नये. गाण्यात ते दर वेळी वेगळी जागा घेऊन येतं, वाचताना मात्र तेच ते होतं.

आणि एक गोष्ट आवर्जून विचारा : या गाण्यातलं कुठलं कडवं रेकॉर्डिंगला गाळलं? वेळेत बसवायला कडवी गाळली जायचीच. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. गाळलेलं कडवं कवीच्या वहीत असतं, नाहीतर डोक्यात. तुमच्या गच्चीवर ते पहिल्यांदा ऐकलं जाईल. ‘गाणं म्हणा’ म्हणणारेही तेव्हा गप्प बसून ऐकतील, हे मी स्वतः पाहिलंय.

गाणं तोंडी आणि लिहिणारा अनोळखी, असं आपल्याच जिल्ह्यात घडलंय. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (1922–2004). त्यांची गाणी गावोगाव गायली जातात, पण गाणाऱ्यांतल्या कित्येकांना ती वामनदादांची आहेत हे ठाऊक नसतं. म्हणून दर गीताआधी गायक-संगीतकाराच्या जोडीला गीतकाराचंही नाव स्पष्ट घ्या, समोर बसलेले असले तरी.

बाकी सोय. फेब्रुवारीत आपल्याकडे सूर्य कलला की गच्चीवर गार वारं सुटतं. कोमट पाण्याचा थर्मास आणि शाल आधीच द्या, सत्काराची वाट बघू नका. हाताची खुर्ची, वहीवर पडेल असा दिवा, माईक बसल्या उंचीला. लिफ्ट नसेल तर गच्चीचा हट्ट सोडा, खाली पार्किंगमध्ये करा. मोबाइलवर चित्रीकरण करायचं तर आधी विचारा. अप्रकाशित कविता असतील तर ते नको म्हणतील, तो त्यांचा हक्क आहे.

मानधनाचं पाकीट सगळ्यांसमोर नको, गाडीत बसण्याआधी हातात द्या. आणि आदल्या दिवशी फोन करून विचारा, कुठली कविता वाचायचीच आहे? ती पहिली घ्या.