सांगलीच्या मुलीनं जुव्हेनल शिकावा का?

पत्राचा आशय: माझी मुलगी सांगलीत बी.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत तिचं संस्कृत होतं आणि ते तिला आवडायचं. यंदा अभ्यासात उपरोधाचे (इंग्रजीत 'सटायर'चे) 'होरेसचा' आणि 'जुव्हेनलचा' असे दोन प्रकार आले, तेव्हापासून ती या रोमन कवींच्याच मागे लागली आहे. पुढे 'पाश्चात्त्य संस्कृतीवर रोमन परंपरेचा आणि उपरोधाचा प्रभाव' या विषयात संशोधन करीन म्हणते. घरातले म्हणतात, बी.एड. करून मोकळी हो. यात काही भवितव्य आहे का? लॅटिन शिकावंच लागेल का? परदेशी जायचं तर खर्च किती? – एक आई

ताई, नमस्कार.

आधी मधल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकीची दोन त्यावर अवलंबून आहेत. होय, लॅटिन शिकावंच लागेल. इंग्रजी भाषांतरांवर विसंबून या विषयात एम.ए.चा पेपर लिहिता येतो, संशोधन करता येत नाही. म्हणून आत्ता कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. तिला घरी बसून दहा-अकरा महिने लॅटिन करू द्या. पुस्तकाच्या किमतीपलीकडे त्याला खर्च नाही आणि बी.ए.च्या अभ्यासालाही धक्का लागत नाही. ती त्यात टिकली, तर पुढचं बोलू.

विषय मोलाचा आहे का, असंही तुमच्या पत्रात आडून विचारलं आहे. नाटक, महाकाव्य, वक्तृत्व हे सगळं रोमन लोकांनी ग्रीकांकडून घेतलं, पण उपरोधिक काव्याबद्दल पहिल्या शतकातला रोमन वक्तृत्वशिक्षक क्विन्टिलियन ठामपणे लिहितो की हा प्रकार संपूर्ण आमचा आहे. ल्युसिलियसनं तो घडवला. होरेसनं १८ कविता लिहून त्याला हसरा, गप्पांचा सूर दिला. पर्सियस अठ्ठाविसाव्या वर्षी गेला, मागे सहाच कविता ठेवून. जुव्हेनलनं १६ कवितांत त्याला संतापाची धार लावली. युरोपात पुढे ज्यांनी उपरोध लिहिला, त्यांतल्या बहुतेकांना या चौघांपैकी कोणाचा तरी हात धरावा लागला. डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'च्या लेखकाच्या, जोनाथन स्विफ्टच्या, समाधिलेखावर 'तीव्र संताप' या अर्थाचे जे लॅटिन शब्द आहेत, त्यांत जुव्हेनलचीच छाया दिसते.

तरीही 'पाश्चात्त्य संस्कृतीवर प्रभाव' हा संशोधनाचा विषय होत नाही. तो दहा खंडांचा मथळा आहे. प्रवेशाच्या अर्जात असा विषय दिसला की निवड समिती पुढचा अर्ज उचलते. प्रभाव दाखवायचा तर दोन कविता शेजारी ठेवायच्या आणि ओळीला ओळ लावायची. नमुन्यादाखल एक जोडी सांगते. मुलीलाही हा भाग वाचायला द्या, तिला नेमकं काय करायचं आहे ते यातून कळेल.

जुव्हेनलची तिसरी कविता ३२२ ओळींची. उंब्रिसियस नावाचा माणूस बिऱ्हाड गाडीत भरून रोम सोडून कूमाय गावी निघाला आहे, आणि शहर का सोडतो ते मित्राला सांगतो: कोसळणारी घरं, रात्रीची गर्दी, परक्या ग्रीकांची चलती, गरिबाची नाचक्की. इंग्रज लेखक सॅम्युएल जॉन्सननं १७३८ मध्ये तीच कविता 'लंडन' या नावानं २६३ ओळींत उतरवली. उंब्रिसियसचा थेलीस झाला, कूमायचं वेल्स झालं, ग्रीकांच्या जागी फ्रेंच आले. जॉन्सनची इच्छा अशी होती की जुव्हेनलच्या मूळ ओळी पानाच्या तळाशी छापाव्यात, कारण जुना विचार नव्या माणसांवर कसा बसवला यात त्या कवितेच्या गोडीचा एक भाग आहे. म्हणजे वाचकाला लॅटिन येतं हे गृहीत धरूनच ती लिहिली गेली. लॅटिन न येणाऱ्याला त्यातलं निम्मंच दिसतं.

दुसरी जोडी याहून चांगली. जुव्हेनलची दहावी कविता आणि जॉन्सनची १७४९ ची 'मानवी इच्छांची व्यर्थता'. सम्राट टायबेरियसचा उजवा हात सेजेनस इ.स. ३१ मध्ये पडला. जुव्हेनल दाखवतो काय, तर त्याचा ब्राँझचा पुतळा दोरांनी ओढून भट्टीत घातला आणि जगात दुसऱ्या क्रमांकाचा जो चेहरा होता, त्यातून सुरया, पराती, कढया आणि मूत्रपात्रं निघाली. जॉन्सनकडे पुतळा नाही, तसबीर आहे. सत्ता गेलेल्या माणसाची तसबीर भिंतीवरून उतरते, स्वयंपाकघरात धुराखाली काळवंडते किंवा लिलावात जाते. खुद्द सेजेनसच्या जागी येतो इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा मंत्री कार्डिनल वुल्सी, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या जागी स्वीडनचा बारावा चार्ल्स. पण मूत्रपात्र गेलं! धर्मनिष्ठ जॉन्सनला करुणा हवी होती, जुव्हेनलला ओकारी आणायची होती. काय घेतलं, काय गाळलं आणि का गाळलं, हे तीन प्रश्न म्हणजेच प्रभावाचा अभ्यास. त्यातला 'का' सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा.

या कवितांतली काही वाक्यं मूळ संदर्भ सुटून जगभर फिरतात, आणि मुलं तिथे हमखास फसतात. 'निरोगी शरीरात निरोगी मन' हे व्यायामशाळांच्या भिंतींवर दिसतं. जुव्हेनलचं म्हणणं असं आहे की देवाकडे मागायचंच तर एवढंच मागावं. 'पहारेकऱ्यांवर पहारा कोणाचा?' हे आज राजकारणात वापरतात. मूळ जागी विषय बायकोवर ठेवलेल्या पहाऱ्याचा आहे. 'सटायर' शब्द ग्रीक 'सॅटर' या वनदेवतेवरून आला ही समजूतही अशीच चुकीची. आयझॅक कॅसोबान या विद्वानानं १६०५ मध्येच ती खोडून काढली. मूळ लॅटिन शब्द 'सातुरा' म्हणजे भरलेलं, सरमिसळीचं. शिवाय कवितेत बोलणारा चिडका माणूस म्हणजे स्वतः जुव्हेनल असं धरून चालू नये, तो त्यानं चढवलेला मुखवटा असू शकतो. आणि मराठीत लिहिताना 'विडंबन' हा शब्द सटायरला वापरू नये. विडंबन म्हणजे दुसऱ्याच्या रचनेची नक्कल. उपरोधाला नकलेची गरज नसते.

आता लॅटिनकडे. संस्कृत झालेल्या मुलीला इथे मोठा आधार आहे. 'पातेर' आणि पितृ, 'इग्निस' आणि अग्नि, 'सुन्त' आणि सन्ति ही साम्यं पहिल्याच आठवड्यात दिसतील. द्विवचन नाही, विभक्त्या सहाच. अडतं ते पुढच्या जागी: लॅटिनच्या 'अॅब्लेटिव्ह' विभक्तीत संस्कृतची तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी एकत्र झाली आहे. त्यामुळे 'ने', 'हून' आणि 'त' यांतलं काय लावायचं ते प्रत्येक वेळी संदर्भावरून ठरवावं लागतं. जुव्हेनलच्या तिसऱ्या कवितेतलं एक छोटं वाक्य घ्या: 'क्विद् रोमाय फाकियाम्? मेन्तीरी नेस्कियो.' रोममध्ये मी काय करू? मला खोटं बोलता येत नाही. यातलं 'रोमाय' हे जुन्या सप्तमीचं उरलेलं रूप, आणि 'मेन्तीरी' दिसायला कर्मणी पण अर्थानं कर्तरी. आत्मनेपद शिकलेल्या मुलीला हे परकं वाटणार नाही.

वृत्ताचंही तसंच. रोमन उपरोध सहा चरणकांच्या वृत्तात आहे. प्रत्येक चरणक म्हणजे एक भगण, गुरु-लघु-लघु, नाहीतर त्याऐवजी दोन गुरू. पाचवा बहुधा भगणच, सहावा दोन अक्षरांचा. 'यमाताराजभानसलगा' पाठ असलेल्या मुलीला हे समजावायला एक दुपार पुरते. मात्र शब्द शिकतानाच दीर्घ स्वरांची खूण लिहायची आणि पाठ करायची. ती आळसानं सोडली की सहा महिन्यांनी एकही ओळ वृत्तात म्हणता येत नाही आणि सगळा शब्दसंग्रह पुन्हा घोटावा लागतो. ही चूक फार जण करतात.

वेळापत्रक असं ठेवावं. रोज एक तास, आठवड्यातून सहा दिवस. ओर्बर्गचं 'फमीलिया रोमाना' हे पुस्तक घ्या. ते पहिल्या पानापासून लॅटिनमध्येच आहे आणि त्यात ३५ धडे आहेत. पहिले वीस धडे आठवड्याला एक, पुढचे दोन आठवड्यांना एक या वेगानं सुमारे अकरा-साडेअकरा महिने लागतील. सुट्टीत दोन तास दिले तर दहात होईल. शिकवायला कोणी हवं असेल, तर मुंबई, पुणे, गोवा इथल्या सेमिनरींत शिकलेल्या जुन्या धर्मगुरूंपैकी अनेकांना चांगलं लॅटिन येतं, त्यांना विचारावं. त्यांचा उच्चार चर्चचा असतो, 'कि'च्या जागी 'चि'. व्याकरणाला त्यानं काही बाधत नाही. मूळ कविता आणि शब्दकोश टफ्ट्स विद्यापीठाच्या 'पर्सियस' (Perseus, त्या नावाच्या कवीशी संबंध नाही) संकेतस्थळावर फुकट आहेत.

पुस्तक संपल्यावर थेट जुव्हेनलला हात घालू नये. त्याची वाक्यं दाट असतात, नावं अनोळखी असतात, आणि चांगली मुलं तिथे हिंमत हरतात. आधी होरेसच्या पहिल्या पुस्तकातली नववी कविता, फक्त ७८ ओळी: रस्त्यात गाठून पिच्छा न सोडणाऱ्या चिकट माणसाची. भाषांतर समोरच्या पानावर छापलेली लाल बांधणीची लोब आवृत्ती मिळाली तर उजवं पान कागदानं झाकायचं. आधी स्वतःचं मराठी भाषांतर वहीत लिहायचं, मग ताडून बघायचं. उलट क्रमानं केलं की आपल्याला समजलं असा भास होतो आणि परीक्षेत उघडं पडायला होतं.

आता नोकरी आणि पैसा. पुढे दोन वाटा फुटतात. पहिली 'क्लासिक्स'ची, म्हणजे ग्रीक-लॅटिन हाच मुख्य विषय. तिथे पीएच.डी.च्या प्रवेशासाठी लॅटिनबरोबर ग्रीक, आणि वाचण्यापुरतं जर्मन व फ्रेंच किंवा इटालियन लागतं. बी.ए. नंतर ही तयारी करायला किमान तीन वर्षं धरा. दुसरी वाट इंग्रजी साहित्याची. सतराव्या-अठराव्या शतकाचा अभ्यास, हाताशी पक्कं लॅटिन. माझं स्पष्ट मत दुसरीच्या बाजूनं आहे. भारतात शिकवण्याच्या जागा इंग्रजी विभागांत आहेत, आणि जॉन्सन, अलेक्झांडर पोप, ड्रायडन हे इंग्रज कवी मुळासकट वाचू शकणारे उमेदवार इथे फार थोडे.

म्हणून क्रम असा: बी.ए., मग इंग्रजीत एम.ए. किमान ५५ टक्क्यांनी (राखीव प्रवर्गांना ५०), आणि एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी नेट तसंच सेट, म्हणजे प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय आणि राज्य पात्रता परीक्षा. नेटमध्ये दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, चुकीला वजा गुण नाहीत. महाराष्ट्र-गोव्याची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. तिच्यामुळे प्राध्यापकपदाची पात्रता येते, पण जेआरएफ ही संशोधन फेलोशिप फक्त नेटमधून मिळते. हे गोड करून सांगत नाही: कायम जागा निघायला वर्षं लागतात आणि मधल्या काळात तासिका तत्त्वावर तुटपुंज्या पैशांत शिकवावं लागतं. त्या काळात लॅटिन हेच उत्पन्नाचं दुसरं साधन होऊ शकतं. ब्रिटनमध्ये जीसीएसई आणि अमेरिकेत एपी या शालेय परीक्षांना लॅटिन हा विषय असतो आणि त्याची शिकवणी ऑनलाइन घेता येते. संपादन आणि भाषांतर ही कामंही आहेत.

परदेशाबाबत एकच आग्रह आहे. ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या एम.ए.साठी कर्ज काढू नका. शुल्क आणि राहणं मिळून तीस लाखांच्या वर सहज जातं आणि या विषयातला पगार ते फेडायला पुरत नाही. जायचं तर शिष्यवृत्तीवर. ऑक्सफर्ड, लंडनचं सोआस आणि रेडिंग या विद्यापीठांसाठी फेलिक्स, शिवाय इनलॅक्स. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जे. एन. टाटा एन्डोमेंट ही कर्ज-शिष्यवृत्ती आहे, परत करावी लागते, हे लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.ला शुल्कमाफी आणि निर्वाहभत्ता मिळतो. ती पाच-सहा वर्षं चालते, आणि अर्ज बहुधा डिसेंबर-जानेवारीत जातात.

एम.ए.च्या प्रबंधासाठी तिला एक विषय सुचवते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त डॉक्टर जॉन्सनवर दीर्घ निबंध लिहिला, आणि जॉन्सनच्या 'रासेलस' या कादंबरीचं वडिलांनी सुरू केलेलं मराठी भाषांतर पुरं केलं. जुव्हेनलपासून जॉन्सनपर्यंतचे दुवे छापील आहेत. जॉन्सनपासून १८७४ च्या पुण्यापर्यंत उपरोधाचं काय आलं, ते तिनं शोधावं. सांभाळायचं एवढंच की साम्य म्हणजे प्रभाव नव्हे. 'दासबोधा'तली मूर्खलक्षणं वाचताना होरेस आठवतो, पण समर्थांनी होरेस वाचला नव्हता. चिपळूणकरांनी जॉन्सन वाचला होता, आणि तरीही कोणत्या वाक्यात काय उतरलं ते तिला निबंधमालेच्या ८४ अंकांतून बोट ठेवून दाखवावं लागेल.

बी.एड.चं दार उघडंच आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम एम.ए. नंतरही करता येतो, त्यामुळे आज त्यावरून घरात वाद नको. दहा-अकरा महिन्यांनी होरेसच्या त्या कवितेतल्या न वाचलेल्या वीस ओळी तिच्यापुढे ठेवा, शब्दकोश द्या आणि तीन तास द्या. बारा ओळींचा अर्थ सरळ लागला आणि उरलेल्या आठांसाठी ती जेवायलाही उठली नाही, तर एम.ए. इंग्रजीचा फॉर्म भरा.