घिरट्या मोजू नकोस

चि. बाय हीस अनेक आशीर्वाद.

यंदा धामापूरच्या तलावाकाठी बसून शिकारी पक्षी मोजणार, हे तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला. बसायचं ठरवलंच आहेस तर दसऱ्यापासून मार्गशीर्ष लागेपर्यंत नेमाने बस. पाऊस आटोपला की भोवत्ये (हॅरियर) आणि घारी दिसू लागतात, पण अमूर ससाणे यायला नोव्हेंबर उजाडतो. मधलेच दोन-चार रविवार गाठलेस तर या दोहोंपैकी एक हुकणारच.

सावली बघून झाडाखाली बसू नकोस, अर्धं आभाळ झाकलं जातं. उघड्या टेकाडावर बस. टोपी आणि पाणी घे. कॅमेरा घरी ठेव, फोटोच्या नादात मागून गेलेले चार पक्षी निसटतात.

पाण्यावरची हवा जमिनीवरच्यासारखी तापून वर उठत नाही, म्हणून रुंद पंखांचे पक्षी मोठं पाणी टाळून काठाकाठाने जातात. अमेरिकेत सुपीरियर सरोवराकाठच्या हॉक रिजवर दर शरदात हजारो बाज एका वाटेवर येतात ते यामुळेच. आपला तलाव १५३० सालचा, गावाला पाणी पाजणारा, पण पक्ष्यांची वाट अडवण्याएवढा मोठा नाही. इथे आडवा येतो तो समुद्र. सकाळी मतलई वारा आहे तोवर पश्चिमेकडेही नजर ठेव. दुपारी खारा वारा सुटला की थंड हवा आत शिरते आणि घिरट्या घेणारे पक्षी सह्याद्रीच्या बाजूला सरकतात. खुर्चीही तिकडे वळव.

आता मुख्य गोष्ट. गरम हवेच्या झोतात वीस-तीस घारी गोल फिरू लागल्या की मोजायचा मोह होतो. तेव्हा मोजू नकोस. वर गेलेली खाली येते, एकीमागे दुसरी लपते. झोत संपला की त्या एकेक करून सुटतात आणि पंख ताणून दक्षिणेकडे घसरत जातात. तेव्हा मोज. समोरचा एक माड ठरव आणि त्याच्या रेषेपलीकडे गेलेलाच पक्षी धर. पहिल्या वर्षी मी फिरत्या थव्यातच मोजत बसलो आणि एका तासात चौसष्ट घारी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच भातखाचरांवर तोच थवा फिरताना दिसला. भातकापणीत उडणारे किडे टिपायला आलेल्या त्या गावच्याच घारी होत्या. त्या पानावर मी आडवी रेघ मारली आहे, वही तुला दाखवीन. अशा गावकरी पक्ष्यांसाठी वेगळं पान ठेव. ब्राह्मणी घार आणि समुद्र गरुड त्याच पानावर.

ओळख पटली नाही तर ‘अनोळखी’ असंच लिही. बूटेड गरुड समोरून येताना मानेजवळ, पंखांच्या मुळाशी दोन पांढरे ठिपके लुकलुकतात. ते दिसले तरच त्याचं नाव लिही. आकारावरून अंदाजाने लिहू नकोस.

आणि तलावावर कैकर, म्हणजे ऑस्प्रे आला तर दोन मिनिटं मोजणी थांबली तरी चालेल. तो हवेत जागच्या जागी फडफडतो आणि मग पाय पुढे करून पाण्यात कोसळतो. वर आल्यावर ओल्या कुत्र्यासारखा अंग झटकतो. मग पंजातला मासा फिरवून त्याचं डोकं उडण्याच्या दिशेला करतो आणि निघतो. त्याचं बाहेरचं बोट मागे वळतं, म्हणून निसरडा मासा सुटत नाही.

एखाद्या तासाला काहीच दिसणार नाही. तिथे शून्य लिही, रकाना कोरा ठेवू नकोस. कोऱ्या रकान्यावरून तू बसली नव्हतीस की पक्षी नव्हते, हे पुढच्याला कळत नाही. भरतपूरच्या केवलादेवमध्ये ऐंशीच्या दशकात गिधाडं मोजून ठेवलेली होती, म्हणूनच नव्वदीत ती किती झपाट्याने गेली ते पक्षी-संशोधक विभू प्रकाश दाखवू शकले. पुढे गुरांना दिलेलं आणि मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध त्याचं कारण ठरलं आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. आधीची मोजणी नसती तर गिधाडं ‘कमी झाल्यासारखी वाटतात’, एवढंच म्हणता आलं असतं.

अमूरांची वेळ आली की निमुळत्या पंखांकडे लक्ष दे. जेमतेम दीडशे ग्रॅमचा पक्षी, पण समुद्राला भीत नाही. २०१३ मध्ये नागालँडात उपग्रह ट्रान्समीटर लावलेले अमूर अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोहोचले. ते झपझप जातात, तेव्हा मोजायचा काउंटर हातातच असू दे.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी सकाळी आठला येतो. माझी जुनी दुर्बीण तुझ्यासाठी आणतो. तिचं उजव्या डोळ्याचं चाक सैल झालंय, दर तासाला नीट बसवून घ्यावं लागेल. वही तू आण, जाड पुठ्ठ्याची.

तुझा,
काका