गोळी तीच, मग जास्त पैसे का?

प्रश्न : सासऱ्यांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे. जनऔषधी केंद्रात त्याच गोळ्या अर्ध्याहून कमी किमतीत मिळतात पण ते ऐकतच नाहीत, नेहमीच्याच ब्रँडची हवी. एरवी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस, इथे का नाही करत? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, त्यांना हट्टी समजू नका हो. भाजी त्यांना कळते, वांगं हातात घेतलं की किडकं आहे का समजतं, म्हणून तिथे ते भाव करतात. गोळीचं तसं काहीच कळत नाही, मग माणूस ओळखीच्या नावाला धरून राहतो आणि वरचे पैसे निर्धास्त झोप लागावी म्हणून देतो. अमेरिकेत 2015 साली एक अभ्यास छापून आला होता, त्यात डोकेदुखीचं औषध घेताना सर्वसाधारण गिऱ्हाईक 26 टक्के वेळा नावाजलेला ब्रँड घेत होतं आणि फार्मासिस्ट मात्र फक्त 9 टक्के वेळा. ज्याला आतलं माहीत आहे तो सहसा जास्त पैसे देत नाही.

आणि खरं सांगायचं तर शुगरच्या मेटफॉर्मिनसारख्या जुन्या औषधाचं पेटंट कधीच संपलंय, म्हणजे मेडिकलमधली महागडी गोळीसुद्धा जेनेरिकच (पेटंट संपल्यावर इतर कंपन्याही बनवू शकतात ते औषध), फक्त नाव मोठं, आणि ते नाव डॉक्टरांपर्यंत पोचवायला एमआर (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) फिरतात त्याचा खर्च तुमच्या बिलातून निघतो. हे मला मनापासून खटकतं, पेन्शनवरच्या माणसाला तर दर महिन्याला हा भुर्दंड.

"मला याच गोळीने बरं वाटतं" हे ते खोटं बोलत नसतील. 2008 च्या एका प्रयोगात लोकांना औषध नसलेली गोळी देऊन विजेचे हलके झटके दिले, अडीच डॉलरची गोळी आहे असं सांगितलेल्यांपैकी 85 टक्के लोकांना दुखणं कमी वाटलं, दहा सेंटची सांगितलेल्यांपैकी 61 टक्के. किंमत ऐकूनच फरक पडला!

पण बीपी-शुगर मशीनवर दिसते ना, नुसत्या वाटण्यावर सोडायची गरज नाही. डॉक्टरांना ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा, मिलिग्रॅम तेच हवं आणि चिठ्ठीवर एसआर (हळूहळू विरघळणारी गोळी) असेल तर एसआरच घ्यायची. डॉक्टरांना न विचारता मात्र गोळी बदलू नका. बदलल्यावर ते सांगतील तेव्हा आकडे वहीत लिहा आणि ती वही सासऱ्यांच्याच हातात द्या, त्यांनाच बघू दे.