मेंटेनन्सवाल्याच्या कपाळावर आयएसआय नसतो

प्रश्न : ताई नमस्कार. माझं महाराणी रोडवर इलेक्ट्रिकचं दुकान आहे, बिलिंगला चार कॉम्प्युटर आणि एक सर्व्हर. यंदा एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, रिन्यू करायला आलेला पोरगा म्हणतो रेट दीडपट होणार, कारण त्यांची कंपनी 'आयटिल सर्टिफाइड' झालीय, "भिया, आयटीतला आयएसआय समजा." आता आम्ही आयएसआय नसलेला गीझर विकला तर धाड पडते. मग याआधी आयटिल नसताना हे लोक काम करत होते ते बेकायदा होतं का? आणि पैसे वाढवून द्यायचे का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : भाऊ, पैशाचं नंतर बघू, आधी त्या पोराला सर्टिफिकेट दाखवायला सांगा आणि नाव कोणाचं आहे ते वाचा. कारण आयटिल म्हणजे कॉम्प्युटरची सेवा नीट कशी द्यायची याच्या चांगल्या सवयी, आणि त्याचं सर्टिफिकेट कंपनीला मिळतच नाही, ते माणसाला मिळतं. माझा भाचा सुपर कॉरिडॉरवर नोकरीला आहे, त्याने फाउंडेशनची परीक्षा दिली, 40 प्रश्न, 60 मिनिटं, 26 बरोबर आले की पास. कंपनीला जे मिळतं ते आयएसओ 20000, तो वेगळा प्रकार, त्यात बाहेरचा ऑडिटर येऊन कंपनीचं काम तपासतो, आणि तेही कंपनीने आपणहून घ्यायचं असतं. तेव्हा आधी काहीच बेकायदा नव्हतं, आजही नाही.

आयटिल मुळात पुस्तकं आहेत. 1980च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या लक्षात आलं की प्रत्येक खातं आपापल्या पद्धतीने कॉम्प्युटर चालवतंय, म्हणून चांगल्या सवयी एका जागी लिहून काढल्या, पुढे खाजगी कंपन्यांनी उचलल्या, आणि 2019मध्ये चौथी आवृत्ती आली. आतलं उदाहरण तुमच्याच दुकानातलं देते. समजा सर्व्हर दर सोमवारी सकाळी बसतो. पोरगा येतो, रिस्टार्ट मारतो, तुमचे पोहे-जलेबी खाऊन जातो. याला आयटिलमध्ये इन्सिडेंट मिटला म्हणतात. पण सोमवारीच का बसतो, रविवारी शटर ओढताना कोणी मेन स्विच पाडतं का, यूपीएसची बॅटरी मेलीय का, हे शोधून ते कायमचं बंद करणं ते प्रॉब्लेमचं काम, आणि ते वेगळं लिहून ठेवायचं. चांगलीच गोष्ट आहे ही. पण नाही केलं तर कुठलाही इन्स्पेक्टर येत नाही.

आयएसआयचं तसं नाही, आणि हे तुम्हाला मी काय सांगणार. बादलीत टाकायच्या रॉडचं आतलं इन्सुलेशन गिऱ्हाइकाला दिसत नाही, ते कच्चं असेल तर माणूस जातो, म्हणून सरकार विकण्याआधीच अडवतं. वर आयएस नंबर, खाली सीएम/एल लायसन नंबर, कारखान्यात तपासणी, आणि बाजारातून सॅम्पल उचलतात ते वेगळंच. मात्र आयएसआयसुद्धा सगळ्या मालाला सक्तीचा नाही हं, ज्या वस्तूचा सरकारी क्वालिटी कंट्रोल ऑर्डर निघाला तिलाच सक्ती, बाकीचे कारखानदार मर्जीने घेतात.

आपला सराफाच बघा ना. दिवसा त्याच ओट्यावर सोनं विकतात, तिथे हॉलमार्क आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा अक्षर-आकडे मिळून सहा खुणांचा नंबर, नसेल तर 1 एप्रिल 2023पासून दागिना विकताच येत नाही. रात्री दुकानं बंद झाली की तिथेच गराडू, म्हणजे आपला कंद, तळतात, आता त्याला खाण्याचं लायसन लागतं ते ठीक, पण मसाला किती आणि तेल किती तापवायचं हे कुठल्या कायद्यात आहे? ज्याचा हात बसलाय त्याच्याकडे रांग लागते. आयटिल हे गराडूवाल्याच्या हातासारखं.

म्हणजे सर्व्हिसवाले अगदीच मोकाट असं पण नाही, सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा 28 एप्रिल 2022चा आदेश आहे, सायबर हल्ला कळल्यापासून 6 तासांत रिपोर्ट करायचा आणि लॉग, म्हणजे सिस्टिममध्ये काय काय झालं त्याच्या नोंदी, 180 दिवस ठेवायचे, ही सक्तीच आहे. पण "सर्व्हर दोन तासांत चालू करून देईन" ही सक्ती कोणी करत नाही, ती तुम्हालाच एएमसीच्या कागदावर करून घ्यावी लागते. किती तासांत माणूस येणार, नाही आला तर बिलातून किती कापणार, आणि तीन महिन्यांतून एकदा बॅकअप तुमच्यासमोर रिस्टोअर करून दाखवणार का, हे लिहून देत असेल तर थोडे वाढवा. दीडपट मात्र नको, सर्टिफिकेट त्या पोराचं असेल आणि उद्या त्याने नोकरी सोडली तर ते त्याच्याबरोबर जाणार.

प्रश्न : लॅपटॉपच्या चार्जरवर सीई छापलंय, आर नंबर नाही. दुकानदार म्हणतो युरोपात पास झालाय. घेऊ का?
– एक वाचक, रामबाग

उत्तर : नका घेऊ. सीई म्हणजे माल युरोपच्या नियमांत बसतो असं सांगणारी खूण, ती युरोपात विकायला सक्तीची, इथे त्याचा उपयोग नाही, आणि बऱ्याच मालावर तर बनवणाराच स्वतः जाहीर करून ते छापतो. आपल्याकडे अॅडॉप्टरला आयएस नंबर आणि आर-च्या पुढे आठ आकडे लागतात, तो आर नंबर बीआयएस, म्हणजे आयएसआय देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बीआयएस केअर अॅपवर टाकून कोणाच्या नावावर आहे ते बघता येतं. हे मला उशिरा सुचलं. मीही एकदा मोठ्ठं सीई बघून चार्जर आणला होता, महिन्याभरात प्लॅस्टिक वितळून टेबलाला चिकटलं. बिल कच्चं होतं तरी भांडून बदलून घेतला, तर नव्यावर सीईपण नव्हतं.