वाचकांचे प्रश्न : हाड सापडलं, आता नाव कोण देणार?

प्रश्न : गुजरातमधल्या बालासिनोरजवळ, डायनोसॉरच्या अवशेषांसाठी प्रसिद्ध असलेल्या रैयोलीला गेलो होतो. परतताना एका शेताच्या बांधावर हाडासारखा दगड अर्धा गाडलेला दिसला. हात लावला नाही. तो डायनोसॉरचा असेल का? नवी जात निघाली तर नाव आम्ही ठेवू शकतो का? आणि रैयोली मही नदीकडची, मग तिथे सापडलेल्या डायनोसॉरचं नाव ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ कसं?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : हात लावला नाहीत, हे फार चांगलं केलंत. तुटलेली कड भिंगातून पाहा. हाड असेल तर बाहेर घट्ट थर आणि आत स्पंजासारखी जाळी दिसते; चुनखडीच्या गोट्यात ती नसते. जिभेला चिकटतं का, या कसोटीवर विसंबू नका, सच्छिद्र मातीही चिकटते.

पट्टी ठेवून एक फोटो जवळून काढा, दुसरा झाड किंवा विहीर दिसेल असा लांबून. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपा आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला कळवा.

काढण्याचं काम जाणकारांचंच. हाडाभोवतीची माती उतरवून ते ओट्यावर ठेवल्यासारखं मोकळं करतात. भेगांत अॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पातळ पॅरालॉइड बी-७२ (हाड घट्ट करणारी अॅक्रिलिक राळ) सोडतात. दाट द्रावण वरच साय धरतं, आतला भुगा तसाच राहतो. हाड ओलं असेल तर द्रावण पांढरं पडतं. मग ओल्या टिश्यू पेपरचे थर आणि त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. टिश्यू विसरला की प्लास्टरबरोबर हाडाचा पापुद्राच निघून येतो. कवच पक्कं वाळल्यावरच खालून कापून उलटं करतात.

नाव ठेवण्याचा हक्क सापडवणाऱ्याला आपोआप मिळत नाही. जो अभ्यास करून रीतसर प्रसिद्ध करतो, तो नाव देतो. सापडवणाऱ्याचं नाव जातीला देऊन मान राखता येतो. आंतरराष्ट्रीय प्राणिनाम संहितेप्रमाणे इतरांपासून वेगळं ठरवणारी लक्षणं द्यावी लागतात, एक आदर्श नमुना (नाव ज्याला जोडलेलं राहतं तो) ठरवावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात आहे हे सांगावं लागतं. वर्तमानपत्रात छापून आलेलं नाव तेवढ्यानं ग्राह्य होत नाही.

राजासॉरसची हाडं १९८२ ते १९८४ मध्ये निघाली, नाव मिळालं २००३ मध्ये. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी खोदतानाच कोणतं हाड कुठे होतं याचा नकाशा काढला होता. त्यामुळेच इतक्या वर्षांनी एकाच प्राण्याची हाडं जुळवता आली. तुमच्याकडून फोटो आणि जागा मागतो ती यासाठीच.

‘-एन्सिस’ म्हणजे ‘तिथला’. नाव गावावरून नव्हे, नर्मदेवरून ठेवलं. आणि एकदा रीतसर प्रसिद्ध झालेलं नाव, ते चपखल नाही एवढ्या कारणानं बदलत नाहीत.

जात मात्र लक्षणं तोकडी पडली की बाद होते. ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ लिडेकर यांनी १८७७ मध्ये जबलपूरच्या शेपटीच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. पुढून खोलगट, मागून गोल असे ते मणके पुढे कितीतरी सॉरोपॉडांत (लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांत) सापडले, आणि २००३ मध्ये ते नाव संशयास्पद ठरलं.